मूडलवरची व्याख्यानं: फाइल जड, मोबाइलवर आवाज गायब, काही ठिकाणी चित्रच काळं. सुरुवात कुठून करावी?

खतावणी (प्रश्न)

नमस्कार. बारावी वाणिज्यच्या 'पुस्तपालन व लेखाकर्म' या विषयाची ४२ व्याख्यानं रेकॉर्ड झाली आहेत. आता ती आमच्या स्वतःच्या सर्व्हरवरच्या मूडलमध्ये (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) चढवायची आहेत. मी विषय शिकवते, तांत्रिक बाजू शिकत शिकत करते आहे, त्यामुळे उत्तर पायरीपायरीने मिळालं तर फार बरं होईल.

रेकॉर्डिंग ओबीएसमध्ये (स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) केलंय: स्क्रीनवर तक्ते आणि पेन-टॅब्लेटवरचं हस्ताक्षर, १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० फ्रेम, एमकेव्ही फाइल. ४५ मिनिटांची एक फाइल साधारण ९०० एमबीची होते. शिवाय एका सहकाऱ्यांनी पाच व्याख्यानं आयफोनवर, फळ्यासमोर उभं राहून घेतली आहेत. आवाजासाठी कॉलर माइक सरळ कॉम्प्युटरच्या जॅकमध्ये लावला होता.

चाचणी म्हणून तीन फाइली चढवल्या. त्यात आलेल्या अडचणी:

- बऱ्याच फाइली चढतच नाहीत, मर्यादा ओलांडली असा संदेश येतो.
- काही मुलांना मोबाइलवर आवाज अजिबात येत नाही. इअरफोन लावला की येतो! हे कोडं सुटत नाही.
- आयफोनवरचे व्हिडिओ लॅबमधल्या कॉम्प्युटरवर लावले की आवाज येतो, पण चित्र काळं.
- मोबाइलवर तक्त्यातले आकडे वाचता येत नाहीत.
- एका विद्यार्थिनीला कमी ऐकू येतं, तिच्यासाठी मराठी सबटायटल केली, तर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं.

बहुतेक मुलांकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक आहे आणि तोही घरात वाटून वापरतात.

---

चित्रचौकट

मॅडम, सगळ्यात आधी आकाराचं गणित करू, म्हणजे पुढचे निर्णय सोपे जातील. फाइल किती मोठी होणार हे पिक्सेलवर ठरत नाही. ते बिटरेट (सेकंदाला किती डेटा लागतो तो आकडा) आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं. तुमची फाइल ४५ मिनिटांची, म्हणजे २,७०० सेकंदांची. ९०० एमबी म्हणजे सेकंदाला सुमारे २,६६० किलोबिट. हालचाल नसलेल्या तक्त्यासाठी हा खर्च निव्वळ वाया जातो. चित्राला सरासरी ३०० आणि आवाजाला ६४ किलोबिट धरले, तर ३६४ गुणिले २,७०० भागिले ८, म्हणजे सुमारे १२३ एमबी. सगळी ४२ व्याख्यानं मिळून जवळपास ३८ जीबीऐवजी सव्वापाच जीबी. दीड जीबीच्या पॅकमधून एका तासिकेला ९०० एमबी गेले तर त्या घरात दुसरं कुणी त्या दिवशी शिकू शकत नाही, म्हणून हे काम आधी करा.

हँडब्रेक हे व्हिडिओ दाबून लहान करायचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. 'फास्ट ७२०पी३०' हा तयार प्रीसेट निवडा आणि त्यात एवढे बदल करा:

समरी टॅबवर फॉरमॅट एमपी४ ठेवा आणि 'वेब ऑप्टिमाइझ्ड' वर खूण करा. व्हिडिओ टॅबवर एनकोडर एच.२६४, फ्रेमरेट १५ आणि त्याखाली 'कॉन्स्टंट'. क्वालिटीची पट्टी आरएफ २५ वर. हा आकडा वाढला की दर्जा उतरतो आणि फाइल लहान होते. सहाने वाढवला की बिटरेट साधारण निम्मा होतो. ऑडिओ टॅबवर एएसी, ६४ किलोबिट, मोनो.

आरएफ पद्धतीत बिटरेट आधी ठरलेला नसतो, चित्रात जेवढं घडतं तेवढाच लागतो. म्हणून वरचे ३०० किलोबिट हा अंदाज समजा. नुसत्या तक्त्यांचं व्याख्यान त्याहून खाली जाईल, तुमचा चेहरा कोपऱ्यात असेल तर वर जाईल.

'कॉन्स्टंट' विसरू नका. मोबाइल कॅमेरा उजेड बघून फ्रेमरेट कमीजास्त करतो. अशी फाइल एडिटिंगमध्ये घेतली की विसाव्या-तिसाव्या मिनिटापर्यंत ओठ आणि आवाज वेगळे चालायला लागतात. सुरुवातीला जुळलेलं दिसतं म्हणून लक्षात येत नाही. तपासताना नेहमी शेवटची दोन मिनिटं बघा.

आणखी एक: 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' या चौकटीत कीफ्रेमचं अंतर ६० द्या. सेकंदाला १५ फ्रेम असताना दर चार सेकंदांनी एक पूर्ण चित्र साठतं, त्यामुळे विद्यार्थ्याने पट्टी मागे ओढली की तिथूनच लगेच सुरू होतं. हे अंतर लांब असेल तर दहा सेकंद मागे जायचं म्हटलं तरी वीस सेकंद मागे जातं किंवा चित्र अडकतं. लेखाकर्मात मुलं एकच नोंद चार वेळा मागे जाऊन बघतात, तेव्हा फाइल थोडी वाढली तरी चालेल.

आता आयफोनचं. मीडियाइन्फोमध्ये (फाइलच्या आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडा, व्हिडिओच्या खाली एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, लिहिलेलं दिसेल. आयफोन 'हाय एफिशियन्सी' सेटिंगवर असेल तर एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो आणि अनेक विंडोज कॉम्प्युटरच्या ब्राउझरांना ते उलगडता येत नाही. आवाज मात्र एएसी असल्यामुळे वाजतो. फाइलचं नाव बदलून एमओव्हीचं एमपी४ केल्याने काहीही होत नाही, आतला ऐवज तोच राहतो. हँडब्रेकमधून काढलीत की प्रश्न मिटेल. पुढच्या वेळी सहकाऱ्यांना कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगा आणि एचडीआर व्हिडिओ बंद ठेवायला सांगा. नाहीतर रूपांतर केल्यावर चेहरा आणि फळा दोन्ही राखाडी, धुतल्यासारखे दिसतात. वर्गात ट्यूबलाइट असेल तर २५ फ्रेमवर रेकॉर्ड करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ३० फ्रेमवर काही वेळा चित्रावरून आडवे पट्टे सरकताना दिसतात. या फळ्याच्या पाच व्हिडिओंना १५ फ्रेम नको, २५ च ठेवा, हात हलताना तुटक दिसतो.

आकडे न दिसण्याचं कारण फक्त कॉम्प्रेशन नाही. ७२०पी चित्राची रुंदी १२८० पिक्सेल. मोबाइल उभा धरला की ते चित्र साधारण ३६० एककांच्या रुंदीत बसतं, म्हणजे साडेतीन पटीने आक्रसतं. स्क्रीनवर ४० पिक्सेल उंच असलेलं अक्षर हातात ११ चं उरतं. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो, कारण अर्थ वरच्या बारीक खुणांवर टांगलेला असतो. 'खर्च' मधला रफार आणि 'अंतिम' वरचा अनुस्वार हे दोन-तीन पिक्सेलचे ठिपके असतात. कॉम्प्रेशन त्यांनाच आधी खातं आणि मूल 'खच' वाचतं. आकड्यांत ५ आणि ६, १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. म्हणून तक्ता झूम करून दाखवा, एका वेळी पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको, अक्षराची उंची चित्राच्या उंचीच्या अठराव्या भागाहून कमी नको.

रंगाचंही बघा. या व्हिडिओंमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला असते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच. निळ्या पट्ट्यावर लाल आकडा लिहिला तर दोन्हींचा उजेड जवळपास सारखा, फरक फक्त रंगाचा, म्हणून कडा फुटतात. पांढऱ्यावर काळं किंवा गडदवर पांढरं लिहा. तोटा दाखवायला लाल रंगाऐवजी कंस वापरा. वहीतही मुलं तेच लिहिणार आहेत.

४२ फाइली एकदम रांगेत लावू नका. एका व्याख्यानातली दोन मिनिटं काढा, तुमच्या वर्गातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर बघा, मग प्रीसेट साठवून पूर्ण फोल्डर क्यूमध्ये टाका.

---

कानोसा

थांबा. मॅडम, वर चित्रचौकट यांनी मोनो निवडायला सांगितलंय. एरवी तो सल्ला बरोबर आहे, पण तुमच्या फाइलींवर तसा वापरू नका. आवाज सगळ्यांचाच जाईल.

'फोनवर आवाज नाही, इअरफोनवर आहे' हे लक्षण अगदी ओळखीचं आहे. काही माइकचा सिग्नल दोन तारांवर येतो: एका तारेवर सुलटा, दुसरीवर तोच उलटा. मिक्सरमध्ये किंवा ऑडिओ इंटरफेसमध्ये हे बरोबर वाचलं जातं. पण साध्या अडॅप्टरने तो माइक कॉम्प्युटरच्या स्टीरिओ जॅकमध्ये लावला की सुलटी तार डाव्या कानाची होते आणि उलटी उजव्या कानाची. इअरफोनवर दोन कानांना दोन वेगवेगळ्या लहरी मिळतात, म्हणून ऐकू येतं. आवाज डोक्याच्या मधोमध न येता कुठेतरी बाजूला, पोकळ वाटतो, पण शब्द कळतात. स्वस्त फोनला स्पीकर एकच असतो, तो दोन्ही बाजू मिळवून वाजवतो. अधिक पाच आणि उणे पाच मिळून शून्य. ताळेबंद जुळतो आणि आवाज संपतो.

खात्री अशी करा: फाइल ऑडॅसिटीत (आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर) उघडा. विंडोजवर एमपी४ उघडायला ऑडॅसिटीला एफएफएमपेग लायब्ररी वेगळी बसवावी लागते. आवाजाच्या दोन पट्ट्या दिसतील. एका शब्दावर भरपूर झूम करा. वरच्या पट्टीत लहर जिथे वर चढते, तिथेच खालच्या पट्टीत ती तेवढीच खाली उतरत असेल, आरशात पाहिल्यासारखी, तर निदान पक्कं.

उपाय सोपा आहे आणि पुन्हा रेकॉर्ड करायची गरज नाही. हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबवर मिक्सडाउनमध्ये नुसतं 'मोनो' निवडू नका, 'मोनो, लेफ्ट ओन्ली' निवडा. एकच बाजू घेतली जाते, वजाबाकी होतच नाही.

हेच सेटिंग 'आवाज एकाच कानात येतो' या दुसऱ्या नेहमीच्या तक्रारीवरही चालतं. फक्त आवाज कोणत्या बाजूला आहे ते बघून लेफ्ट की राइट ते ठरवा. आयफोनच्या पाच फाइलींना मात्र साधं मोनो चालेल, तिथे माइक वेगळा आहे.

---

खतावणी

कानोसा, अगदी तसंच आहे! वरची लहर आणि खालची लहर नेमक्या उलट्या. ऑडॅसिटीत मोनो करून बघितलं तर जवळजवळ सपाट रेघ उरली. तुम्ही सांगितलं नसतं तर ३७ फाइली मुक्या झाल्या असत्या. मनापासून आभार.

आता दोन गोष्टी विचारते. पंख्याची घरघर आहे आणि काही व्याख्यानांत आवाज फार लहान आहे. हे सुधारायचं तर हँडब्रेकच्या आधी की नंतर?

---

कानोसा

आधी. एकदा दाबलेलं चित्र पुन्हा दाबायचं नाही, म्हणून हँडब्रेक नेहमी शेवटी. क्रम असा ठेवा.

मूळ फाइल ऑडॅसिटीत उघडा. ट्रॅकच्या नावावर टिचकी मारून 'स्प्लिट स्टीरिओ टू मोनो' करा आणि खालची पट्टी काढून टाका. मग हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झला लावा. माणसाच्या बोलण्यात त्याखाली कामाचं काही नसतं, पण टेबलाचे धक्के, पंख्याचा जाड आवाज आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तिथेच असते. गुणगुण उरलीच तर १०० आणि १५० वर नॉच फिल्टर (नेमका तेवढाच सूर कापणारा).

त्यानंतर नॉइज रिडक्शन. तुम्ही गप्प आहात आणि फक्त पंखा ऐकू येतोय असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडा, 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा, मग पूर्ण ट्रॅक निवडून तोच इफेक्ट ६ ते ९ डीबीवर लावा. १८-२० वर नेऊ नका. आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि 'स', 'श', 'ष' यांचे शेवट कापले जातात. तासभर ऐकणाऱ्याला थोडी घरघर सोसते, बुडबुडणारा आवाज सोसत नाही. भिंतींचा घुमारा मात्र या इफेक्टने जात नाही, कारण तो तुमच्याच आवाजाचा असतो. त्यावर इलाज रेकॉर्डिंगच्या वेळीच: माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, समोरच्या भिंतीवर जाड गोधडी किंवा दोन चादरी, पंखा बंद.

आवाजाची पातळी सगळ्यात शेवटी. 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' मध्ये उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं एकक) ठेवा आणि 'ट्रीट मोनो ॲज ड्युअल मोनो' वर खूण राहू द्या. ती खूण कधी असली, कधी नसली तर व्याख्यानांमध्ये ३ डीबीचा फरक पडेल. टीव्हीसाठीचं युरोपीय प्रमाण उणे २३ आहे, ऑडॅसिटीत तोच आकडा आधीपासून असतो, पण फोनच्या छोट्या स्पीकरवर ते फार हळू पडतं. उणे १६ वर आणल्यावर खोकला, टाळी, टेबलावरची थाप वर डोकं काढतील. लिमिटरने टोकं उणे १.५ डीबीच्या आत आणा.

ॲम्प्लिफाय किंवा साधं नॉर्मलाइझ वापरून हे काम होत नाही. ते फक्त सर्वांत उंच टोक बघतात. एक खोकला मोठा असेल तर पूर्ण तास लहानच राहतो. तुमची काही व्याख्यानं लहान ऐकू येण्याचं कारण बहुधा हेच.

आता तयार आवाज डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ असा एक्स्पोर्ट करा. ॲव्हिडेमक्स या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ व्हिडिओ उघडा, व्हिडिओ 'कॉपी' वर ठेवा, ऑडिओच्या 'सिलेक्ट ट्रॅक' मधून जुना आवाज काढून नवी फाइल जोडा, एमकेव्ही म्हणून साठवा. चित्राला हात लागत नाही, म्हणून मिनिटाभरात होतं. ही फाइल हँडब्रेकला द्या. आता आवाज आधीच मोनो आहे, तेव्हा साधं 'मोनो' निवडलं तरी चालेल.

शेवटची चाचणी इअरफोनवर करू नका. फोन टेबलावर ठेवा, एक हात लांब, स्वयंपाकघरात मिक्सर किंवा कुकर चालू असताना. मुलं तिथेच ऐकतात.

---

सर्व्हरखोली

फाइल न चढण्याबद्दल. मूडलमध्ये मर्यादा एका ठिकाणी नसते, साखळी असते आणि सगळ्यात छोटी मर्यादा जिंकते. साइट ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये सिक्युरिटीखाली एक, कोर्सच्या सेटिंगमध्ये एक, ॲक्टिव्हिटीत एक. पण या सगळ्यांच्या खाली पीएचपीची (मूडल ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतो ती) मर्यादा आहे. पीएचपी नुसतं बसवलं तर एका फाइलची मर्यादा २ एमबी आणि पूर्ण पोस्टची ८ एमबी असते. दोन्ही वाढवा आणि पोस्टची मर्यादा फाइलपेक्षा थोडी मोठी ठेवा: फाइल २०० तर पोस्ट २२०. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची वेगळी मर्यादा आहे, आधीपासून १ एमबी. तिथे अडलं तर ४१३ क्रमांकाची चूक दिसते, मूडलचा संदेश दिसत नाही. यावरून कुठे अडलंय ते ओळखा. बदल केल्यावर पीएचपीची सेवा पुन्हा सुरू करावी लागते. ते राहिलं की मूडलमध्ये जुनाच आकडा दिसत राहतो.

'वेब ऑप्टिमाइझ्ड' ची खूण कशासाठी तेही सांगतो. एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची असते आणि ती रेकॉर्डिंग संपल्यावर, म्हणजे फाइलच्या शेपटीला लिहिली जाते. ती सूची मिळाल्याशिवाय प्लेयरला काही दाखवता येत नाही. खूण केली की सूची पुढे येते. सर्व्हर फाइलचे तुकडे देत असेल तर ब्राउझर शेपटी आधी मागवून कसंबसं भागवतो. देत नसेल तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत गोल फिरत राहतो.

सर्व्हर तुकडे देतो का, हे असं तपासा: ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क उघडा, व्हिडिओ लावा आणि पट्टी मध्यावर ओढा. व्हिडिओच्या विनंतीपुढे २०६ दिसलं तर ठीक. २०० दिसत असेल तर पुढे ओढण्याची सोय चालणार नाही.

मूडल व्हिडिओ पीएचपीमधून पाठवतो, त्यामुळे तो जात असेपर्यंत एक पीएचपी प्रक्रिया अडकून पडते. परीक्षेच्या आदल्या रात्री साठ मुलं एकदम आली तर सगळी साइट रखडते. व्हिडिओच नव्हे, लॉगिनसुद्धा होत नाही. उपाय एक्स-सेंडफाइल. मूडलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ते चालू करता येतं, मग पाठवण्याचं काम वेब सर्व्हर करतो. बँडविड्थचं गणितही बघा: ६० मुलं गुणिले ३६४ किलोबिट म्हणजे जवळपास २२ एमबीपीएस. जुन्या फाइलींना हेच १६० लागले असते.

जागेबद्दल: तीच फाइल तीन तुकड्यांच्या कोर्समध्ये टाकली तरी मूडल ती एकदाच साठवतो, कारण साठवण फाइलच्या आतल्या मजकुराच्या ठशावर चालते, नावावर नाही. बॅकअपमध्ये मात्र प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी प्रत जाते. रोजचा आपोआप बॅकअप लावला असेल तर डिस्क त्यानेच भरते. मूळ व्हिडिओंची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा आणि कोर्सचे बॅकअप मोजकेच राखा.

नावांचं एक. फाइलचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, आकडे आणि मधली रेघ एवढंच ठेवा. मराठी नाव मूडलमधल्या शीर्षकाला द्या. देवनागरीतली प्रत्येक खूण तीन बाइट घेते आणि लिनक्समध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून ८५ खुणा. 'भागीदारी संस्थेची अंतिम खाती, भाग २' यासारखं नाव बसतं, पण त्याच्यापुढे शिक्षकांचं नाव, तारीख आणि महाविद्यालय जोडलं की उरत नाही. झिप करून दुसरीकडे उघडल्यावर नावाची अक्षरं विस्कटतात, ते वेगळंच.

---

मात्रावेलांटी

प्रश्नचिन्हं येतात कारण फाइल नोटपॅडमध्ये एएनएसआयमध्ये साठवली गेली आहे. त्या साच्यात देवनागरी बसतच नाही, साठवतानाच अक्षर पुसून त्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. म्हणजे आता एन्कोडिंग बदलून अक्षरं परत येणार नाहीत, मूळ मजकुरापासून पुन्हा 'सेव्ह ॲज' करून यूटीएफ-८ निवडा. प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप झालेला असतो. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि र्‍या, द्य, क्ष, रफार यांची जागा हाताने तपासा. कन्व्हर्टर हमखास तिथे चुकतात.

मूडलला वेबव्हीटीटी फाइल लागते, एसआरटी नाही. फरक छोटा आहे पण त्यावरच सगळं अडतं: पहिल्या ओळीत वेबव्हीटीटी हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत, त्यानंतर एक रिकामी ओळ आणि वेळेतल्या मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविराम नको, टिंब हवं. सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर दोन्हींमध्ये अदलाबदल करतं. मूडलच्या एडिटरमध्ये व्हिडिओ घालताना 'सबटायटल्स अँड कॅप्शन्स' हा भाग उघडा, फाइल द्या, भाषा मराठी निवडा. कमी ऐकू येणाऱ्या विद्यार्थिनीसाठी 'कॅप्शन्स' हा टॅब योग्य. त्याच भागात 'चॅप्टर्स' आहे. तशीच एक छोटी व्हीटीटी फाइल 'रोजकीर्द', 'खतावणी', 'तेरीज' अशा नावांची दिली की मुलं थेट त्या जागी उडी मारू शकतात.

सबटायटल चित्रावर कोरून टाकू नका. वेगळी फाइल असेल तर प्लेयरमध्ये तिला अक्षर मोठं करता येतं, रंग बदलता येतो, आणि चूक सापडली तर तुम्हाला व्हिडिओ पुन्हा काढावा लागत नाही. शिवाय तक्त्याची शेवटची ओळ, म्हणजे एकूण बेरीज, नेमकी सबटायटलच्या खाली झाकली जाते. स्क्रीनचा खालचा सहावा भाग मोकळा सोडायची सवय ठेवा.

व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर मराठी ओळखतं आणि सबटायटल एडिटमधूनच चालवता येतं. पहिला खर्डा म्हणून घ्या, पण जसाच्या तसा चढवू नका. लेखाकर्मात त्याचा सगळ्यात घातक भाग आकडे. 'साडेबाराशे', 'अडीच हजार', 'पाऊणशे' हे आपण बोलतो तसं तो कधी अक्षरी लिहितो, कधी चुकीचा आकडा लिहितो. सगळीकडे १,२५०, २,५००, ७५ असं आकड्यातच करा, म्हणजे स्क्रीनवरच्या तक्त्याशी जुळेल. 'नावे' आणि 'जमा' प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी तपासा. आवाज ऐकू न येणाऱ्या मुलीकडे चूक पकडायचा दुसरा मार्ग नाही. तुम्ही गप्प राहून लिहीत असता तेव्हा व्हिस्पर मनानेच वाक्यं घालतो किंवा आधीचंच वाक्य चार वेळा लिहितो, तेही काढा.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३५ अक्षरं, पडद्यावर एक ते सहा सेकंद. वाक्य तोडताना विभक्तीचा शब्द पुढच्या ओळीत एकटा पडू देऊ नका.

---

खतावणी

एक शेवटचं. सहकारी म्हणतात की हा सगळा खटाटोप सोडून यूट्यूबवर अनलिस्टेड टाकू आणि मूडलमध्ये दुवा देऊ. काय करावं?

---

चित्रचौकट

सर्व्हर दुबळा असेल तर तो मार्ग चांगलाच आहे. नेट कमी झालं की चित्राचा दर्जा तिथे आपोआप उतरतो, ही सोय तुमच्या एमपी४ मध्ये नाही. पण तीन गोष्टी लक्षात घ्या. 'अनलिस्टेड' म्हणजे खासगी नव्हे, दुवा हातात पडला की कुणीही बघू शकतं. 'प्रायव्हेट' ठेवलं तर मूडलमध्ये चालणारच नाही. खातं फोन नंबरने पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांपुढचा व्हिडिओ घेतला जात नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते निर्णायक आहे: मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये कोर्समधल्या फाइली उतरवून ठेवता येतात आणि नंतर नेटशिवाय बघता येतात. यूट्यूबचा दुवा ॲपमध्ये उतरत नाही. महाविद्यालयात वायफाय असेल तर मुलं तिथे सात दिवसांची व्याख्यानं घेऊन घरी जातील. दीड जीबी वाटून वापरणाऱ्या घराला तेच परवडतं. त्यासाठी ४५ मिनिटांची एकसंध फाइल देऊ नका, दहा-दहा मिनिटांचे भाग करा. ३६४ किलोबिटला एक भाग २७ एमबीचा होतो, मध्येच नेट तुटलं तरी फार वाया जात नाही. भाग तोडताना मिनिटं मोजू नका, उदाहरण संपतं तिथे तोडा.

नुसत्या आवाजाच्या फाइलीही काही जण मागतील. ४८ किलोबिट मोनोमध्ये ४५ मिनिटं १६ एमबीत बसतात. पण तक्ता न दिसता ताळेबंद ऐकून कळत नाही, म्हणून त्या फक्त संकल्पनांच्या व्याख्यानांसाठी द्या. एमपी३ किंवा एएसीच द्या. व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस नोटची ओजीजी फाइल जशीच्या तशी चढवली तर जुन्या आयफोनवर वाजत नाही. आणि सहकाऱ्यांकडून व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवणार असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो वाटेतच दाबला जातो आणि फळ्यावरचं वाचता येत नाही.

पुढच्या सत्रातही ओबीएसमध्ये एमकेव्हीतच रेकॉर्ड करा. लाइट गेली तर एमकेव्हीत तोपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. साध्या एमपी४ ची सूची शेवटी लिहिली जाते, ती लिहायची राहिली की पूर्ण तासिका उघडत नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर फाइल मेन्यूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' मधून एमपी४ करून घ्या, काही सेकंदांचं काम आहे.